मोटारीचा ब्रेक : झीज आणि जोपासना

नागपूरहून कारंजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा असे करीत जालन्याकडे जाणारी जुनी सडक वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड या गावावरून जाते. एके काळी या सडकेवर बैलगाड्यांच्या रांगा लागत. आज त्याच सडकेवरून मालमोटारी, एस.टी.च्या गाड्या, ट्रॅक्टर आणि घरोघरच्या लहान मोटारी अहोरात्र धावत असतात. ज्या घरात पूर्वी एक सायकल असणे हे भाग्याचे लक्षण मानले जाई, त्या घराच्या अंगणात आता मोटार उभी असते. मोटार आली म्हणजे तिच्याबरोबर वेग येतो, आणि वेग आला म्हणजे तो आवरण्याची जबाबदारीही येते. परंतु लौकिक असा की, मोटारीची चौकशी करणारा मनुष्य ती किती पळते हे विचारतो. ती किती अंतरात थांबते हे सहसा कोणी विचारीत नाही.

केनवडातील एखाद्या शिक्षकाचे घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. गुरुजींनी दुसऱ्याच्या हातची एक लहान मोटार घेतली आहे. रोज रिसोडपर्यंत जाणे-येणे, आठवड्यातून एखादी वाशीमची खेप, आणि अधूनमधून शेताकडे जाण्यासाठी पांदणीचा रस्ता, असा तिचा संसार आहे. आश्विनाच्या सुमारास ब्रेक दाबला की पुढील चाकाकडून बारीक, किरकिरा, शिटीसारखा आवाज येऊ लागतो. गुरुजी म्हणतात, ‘पावसाचा चिखल गेला असेल.’ चार दिवस उलटतात, आवाज जात नाही. मग गुरुजी म्हणतात, ‘सोयाबीन विकले की दिवाळीनंतर पाहू.’ आणि याच दिवाळीच्या सुटीत म्हातारी आई, पत्नी व दोन मुले यांना घेऊन चिखलदऱ्याला जाण्याचा बेत ठरलेला असतो! दिवाळीनंतर करावयाचे काम आणि दिवाळीत करावयाचा प्रवास यांचा परस्परांशी काही संबंध आहे, ही गोष्ट त्या घरात कोणाच्याच ध्यानात आलेली नसते.

हा संबंध नीट उमगण्यासाठी ब्रेक म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

धावत्या मोटारीच्या अंगी गतीची शक्ती साठलेली असते. मोटार थांबवावयाची म्हणजे ही शक्ती कोठेतरी खर्ची घातली पाहिजे. ब्रेक ती शक्ती नाहीशी करीत नाही. घर्षणाच्या योगाने तिचे उष्णतेत रूपांतर करतो. बाराशे किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असली, तर तिला पूर्ण थांबविताना जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यावर २५ अंश सेल्सिअस तपमानाचे अर्धा लिटर पाणी उकळीपर्यंत नेता येईल. हाच वेग दुप्पट, म्हणजे ताशी १२० झाला, तर उष्णता दुप्पट होत नाही, ती चौपट होते. अर्धा लिटरच्या जागी दोन लिटर पाणी उकळीला येईल! कारण गतीची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शाळेत पाठ केलेला हा नियम पुस्तकात निरुपद्रवी दिसतो. रस्त्यावर मात्र त्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

ही सर्व उष्णता अंगावर घेणारी वस्तू आकाराने पाहू गेल्यास तळहाताएवढी असते. आजच्या मोटारीत पुढील चाकांबरोबर फिरणारी पोलादी रंगाची बिडाची तबकडी असते. तिला डिस्क म्हणतात. या तबकडीच्या दोन्ही अंगांस चिमट्यासारखे बसलेले जे साधन, ते कॅलिपर. आणि चिमट्याच्या दोन ओठांत बसविलेल्या ज्या दोन जाड चकत्या, ते ब्रेक पॅड होत. पायाने ब्रेक दाबला की नळीतील तेलावर दाब येतो. द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो या न्यायाने तो कॅलिपरमधील पिस्टनला पुढे ढकलतो. आणि पॅड फिरत्या तबकडीला दोन्हीकडून आवळतात. पॅडच्या पाठीशी पोलादी पत्रा असतो व त्यावर घर्षणाच्या द्रव्याचा थर असतो. झिजावयाचा तो हाच थर. तबकडी वाचावी म्हणून पॅडने झिजावे, अशी या यंत्राची मूळ योजनाच आहे.

या चकत्यांचा इतिहासही मनोरंजक आहे. बैलगाडी असो वा घोडागाडी, उतारावर चाकाला लाकडाचा ठोकळा दाबून धरणे हाच जगातील जुना ब्रेक होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक मनुष्य राहत असे. तेथील गाडीवान उतारावर ठोकळा चाकाला चांगला चिकटावा म्हणून त्याला जुन्या बुटांचे चामडे बांधीत. ते पाहून या कामासाठी खास द्रव्य तयार करण्याची कल्पना फ्रूडला सुचली, असे सांगतात. १८९७ साली त्याने हा उद्योग आरंभिला. आपल्या आडनावातील अक्षरे फिरवून त्यात पत्नीच्या नावाचे आद्याक्षर मिसळून ‘फेरोडो’ हे नाव त्याने सिद्ध केले. याच नावाशी नाते सांगणारा ‘हिंदुस्थान फेरोडो’ हा कारखाना पुढे मुंबईत घाटकोपरला निघाला.

१९०२ साली फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याने तबकडीवर तांब्याच्या चकत्या दाबून पाहिल्या. पण धातूवर धातू घासून कानठळ्या बसविणारा आवाज होई आणि तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर त्या चकत्या लवकर झिजत. त्याच वर्षी फ्रान्सात लुई रेनो याने ड्रम ब्रेक पुढे आणला, आणि अर्धे शतक त्यानेच राज्य केले. तेलाच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने १९१७ साली मिळविले. डिस्क ब्रेकला पुन्हा मान मिळाला तो १९५३ साली. त्या वर्षी फ्रान्समधील ले मान्स येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक बसविलेल्या जग्वार मोटारीने जिंकली. वारंवार वेग आवरूनही ब्रेक ढिले पडत नाहीत, हे त्या शर्यतीने साऱ्या जगाला दाखविले. दोन वर्षांनी, १९५५ साली, फ्रान्समध्येच सित्रोएन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठी काढलेल्या डी.एस. मोटारीच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक आले. ड्रममध्ये उष्णता कोंडून राहते. तबकडी उघडी असल्याने वारा तिला निववितो. हेच डिस्कच्या यशाचे मर्म होय. आजही अनेक लहान मोटारींना पुढे डिस्क व मागे ड्रम असतात. ड्रमच्या आत पॅडऐवजी अर्धचंद्राकार शू असतात. मिस्त्री लोक त्यांच्या अस्तराला लायनर म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. पॅड किती टिकतात? या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर मागणे म्हणजे चपला किती टिकतात असे विचारण्यासारखे आहे. चपला कोणाच्या पायात आहेत व तो कोणत्या वाटेने चालतो, यावर ते अवलंबून असते. तरीही अनुभवाने काही मर्यादा ठरल्या आहेत. पुढील चाकांचे पॅड साधारणतः तीस हजारांपासून सत्तर हजार किलोमीटरपर्यंत चालतात. गर्दीच्या शहरात, जेथे प्रत्येक चौकात थांबावे लागते, तेथे ते पंचवीस हजारांतही संपू शकतात. मोकळ्या रस्त्यावर, दुरून पाहून अगोदरच पाय उचलणाऱ्या चालकाच्या हाती ते सत्तर हजारांच्याही पुढे जातात. ब्रेक दाबताच मोटारीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबविण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढील चाकांवर पडतो. साहजिकच पुढील पॅड आधी झिजतात आणि मागील लायनर त्यांच्याहून पुष्कळ अधिक काळ टिकतात.

केनवडसारख्या गावच्या मोटारीचे आयुष्य या बाबतीत संमिश्र असते. सडकेवर ब्रेक थोडे लागतात, हा लाभ. पण काळ्या जमिनीचा मुलूख असल्याने पावसाळ्यात पांदणीतला चिकण चिखल चाकात भरतो, आणि उन्हाळ्यात त्याचीच बारीक धूळ होऊन पॅड व तबकडी यांच्यामध्ये शिरते. कॅलिपर ज्या खिळ्यांवर मागेपुढे सरकतो ते खिळे चिखलाने व गंजाने जाम होतात. मग एक पॅड तबकडीला सतत घासत राहतो आणि दुसरा नुसता पाहत राहतो! अशा वेळी बाहेरचा पॅड धडधाकट व आतला नखाएवढा उरलेला, असे दृश्य दिसते. बाहेरून चाकाच्या फटीतून डोकावून ‘अजून पुष्कळ आहे’ असा निर्वाळा देणारा मनुष्य अशा ठिकाणी हमखास फसतो.

म्हणून वर्षे किंवा किलोमीटर मोजण्यापेक्षा जाडी मोजणे हाच खरा मार्ग. नव्या पॅडवरील घर्षणद्रव्याचा थर साधारणतः दहा मिलिमीटरांच्या आसपास असतो. तो तीन मिलिमीटरांवर आला की पॅड बदलावेत. दोनाच्या खाली जाऊ देणे धोक्याचे. प्रत्येक घराला करता येईल असा एक सोपा हिशेब आहे. समजा, दहा मिलिमीटरांचा थर अठरा हजार किलोमीटरनंतर सात मिलिमीटर भरला. म्हणजे तीन मिलिमीटर झिजण्यास अठरा हजार लागले. एका मिलिमीटरास सहा हजार. तीनावर येण्यास अजून चार मिलिमीटर अवकाश आहे. अर्थात अजून सुमारे चोवीस हजार किलोमीटर. हा आकडा सर्व्हिसिंगच्या वहीत लिहून ठेवावा, आणि दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, पुन्हा मोजून ताडून पाहावा. मोटार तीच, रस्ता तोच आणि चालक तोच असेल, तर हा हिशेब फारसा चुकत नाही.

मोटार स्वतःही सूचना देते. ती ऐकावयास कान मात्र हवेत. अनेक पॅडना एक लहानशी पोलादी पट्टी लावलेली असते. थर पुरेसा झिजला की ती तबकडीला टेकते आणि शिटीसारखा किरकिरा आवाज करते. केनवडच्या गुरुजींना ऐकू येणारा आवाज तो हाच. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या मोटारीच्या तबकडीवर गंजाचा पातळ थर चढतो व सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांना खरखर होते. ती आपोआप जाते, तिची चिंता नको. पण दिवसभर टिकणारा आवाज हा निरोप समजावा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखरीत, दात आंबविणारा आवाज. तो आला म्हणजे थर संपून पाठीचा पत्राच तबकडीला खात आहे असे जाणावे. तेथून पुढे पॅडच्या खर्चात तबकडीचा खर्च मिळविला जातो.

याखेरीज आणखी काही लक्षणे आहेत. ब्रेक दाबताना मोटार एका बाजूस ओढली जाणे, सुकाणू थरथरणे, पाय नेहमीपेक्षा खोल जाणे अथवा स्पंज दाबल्यासारखा वाटणे, आणि दर्शनी फळीवर ब्रेकचा तांबडा दिवा लागणे. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात, त्यांच्यामागची जागा तेल व्यापते आणि वरच्या डबीतील तेलाची पातळी उतरते. म्हणून दिवा लागताच नुसते तेल ओतून तो विझविणे म्हणजे ताप उतरला असे भासविण्यासाठी तापमापक झटकण्यासारखे आहे. तेल का उतरले, हे आधी पाहिले पाहिजे. पॅड झिजले नसतील तर कोठेतरी गळती आहे, आणि ती झिजेहून अधिक भयंकर.

गुरुजींची मोटार अखेर गावातील मिस्त्रीकडे जाते, ती आईच्या आग्रहाने. म्हातारी म्हणते, ‘अरे, बैलाच्या पायात काटा रुतला तर तू गाडी जुंपतोस का?’ मिस्त्री हा गुरुजींचाच एके काळचा विद्यार्थी. तो चाक उतरवितो, आत डोकावतो आणि म्हणतो, ‘गुरुजी, हे पॅड आता दिवाळी पाह्यत नाहीत.’ ‘अरे, पण किती उरले?’ गुरुजी विचारतात. तो मोजून दाखवितो : बाहेरचा तीन मिलिमीटर, आतला जेमतेम दीड. ‘तुम्हीच शिकवलं होतं गुरुजी, मोजल्याशिवाय बोलू नये.’ गुरुजी निरुत्तर होतात. एका लहान मोटारीच्या पुढील पॅडचा संच साधारणतः दीड ते तीन हजार रुपयांत येतो. सहलीतील एका दिवसाच्या मुक्कामाहूनही हा खर्च बहुधा अधिक नसतो.

पॅड बदलण्याचे काम फार अवघड नाही. पण त्यात हयगयीला जागा नाही. गृहस्थाने ते स्वतः न करता जाणत्या मिस्त्रीकडून करवून घ्यावे हे उत्तम. तथापि ते कसे करतात हे ठाऊक असले, तर समोर उभे राहून योग्य प्रश्न विचारता येतात. मोटार सपाट व कठीण जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा व मागील चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करावेत, मग जॅक लावून मोटार उचलावी आणि तिच्याखाली भक्कम घोडी ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. चाक काढल्यावर कॅलिपरचा बोल्ट सोडून तो बाजूला घ्यावा व तारेने टांगून ठेवावा. तो रबरी नळीवर लोंबकळू दिला, तर नळी आतून तुटण्याचा संभव असतो. जुने पॅड काढून पिस्टन हळूहळू आत दाबावा. त्या वेळी वरच्या डबीतील तेल चढते. ते उतू जाऊन रंगावर सांडले तर रंग उकलतो.

सरकणारे खिळे स्वच्छ करून त्यांना त्यासाठीच मिळणारे उष्णतासह ग्रीस थोडेसे लावावे. मात्र पॅडच्या तोंडावर वा तबकडीवर तेलाचा व ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. तबकडीची जाडी मोजावी. तिने किती जाडीपर्यंत सेवा द्यावी हा आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. खोल चरे पडले असतील, किंवा ती त्या मर्यादेखाली गेली असेल, तर तिला निरोप द्यावा. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड नेहमी एकदमच बदलावेत. एका बाजूस नवे व दुसरीकडे जुने राहिले, तर ऐन प्रसंगी मोटार एका अंगास खेचली जाईल.

आतली काळी भुकटी तोंडाने फुंकून किंवा हवेच्या झोताने उडविण्याची वाईट सवय सर्वत्र आढळते. पूर्वी पॅड व लायनर यांत ॲस्बेस्टॉस घालीत असत, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. परंतु त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन कर्करोगासारखे प्राणघातक विकार उत्पन्न करतात, हे पुढे सिद्ध झाले. इंग्लंडने १९९९ साली व संपूर्ण युरोपीय संघाने २००५ सालापर्यंत त्यावर बंदी घातली. आजच्या पॅडमध्ये राळेत बांधलेले निरनिराळे तंतू, धातूचे कण किंवा चिनी मातीच्या जातीची द्रव्ये असतात. तरीही भुकटी ती भुकटीच. ओल्या फडक्याने ती पुसून काढावी, आणि असे काम चालू असताना मुलांना जवळ उभे राहू देऊ नये.

नवे पॅड बसविल्यावर एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत विसरू नये : मोटार जागची हलविण्यापूर्वी ब्रेक अनेकदा दाबून तो पायाला कठीण लागेपर्यंत थांबावे. आत दाबलेला पिस्टन पुन्हा पॅडला येऊन भिडेपर्यंत पहिले काही दाब पोकळ जातात. हे न करता मोटार सुरू करणारा मनुष्य गॅरेजच्या दारातच अपघात घडवून बसतो. त्यानंतरही नवा पॅड तबकडीशी रुळेपर्यंत, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटर, बेताने चालवावे. मध्यम वेगातून हळुवार ब्रेक लावावेत, एकाएकी करकचून दाबू नयेत. म्हणूनच पॅड प्रवासाच्या आदल्या रात्री बदलू नयेत, निदान आठवडाभर आधी बदलावेत. पॅड ओळखीच्या दुकानातून, बंद खोक्यात व पावतीसह घ्यावेत. स्वस्त नकली पॅड गार असताना बरे वाटतात आणि तापताच दगा देतात.

आता चिखलदऱ्याची वाट. सपाट सडकेवर वेग आवरावा लागतो; घाटात त्याखेरीज उंचीशी सामना असतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे आणि पायथ्याचे परतवाडा त्याहून सातशे मीटरांच्या आसपास खाली. बाराशे किलोग्रॅमची मोटार एवढी खाली उतरविताना जर सारे काम ब्रेकवरच टाकले, तर जी उष्णता निघेल तिच्यावर पंचवीस लिटरांहून अधिक पाणी उकळेल. तळहाताएवढ्या चार चकत्या आणि मागचे लायनर, आणि त्यांच्यावर पंचवीस लिटरांचा हंडा! तपमान तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे गेले की सामान्य पॅडमधील राळ पकड सोडू लागते. पाय तितकाच दाबावा, पण मोटार तितकी थांबत नाही. पॅड झिजून पातळ झाले असतील, तर त्यांच्यातून उष्णता लवकर पलीकडे तेलापर्यंत जाते.

आणि त्या तेलाचीही एक कथा आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट चार या जातीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, दाब पुढे पोहोचवीत नाही, आणि ब्रेकवरील पाय थेट तळाला जातो. म्हणूनच साधारणतः दर दोन वर्षांनी हे तेल बदलून नळ्यांतील हवा काढून घ्यावी, असा नियम आहे. केनवडच्या त्या मोटारीचे तेल पूर्वीच्या मालकाने कधी बदलले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मिस्त्रीने डबी उघडून पाहिली तो तेल काढ्यासारखे काळे!

घाट उतरण्याचा खरा ब्रेक पायाखाली नसतो, तो गिअरमध्ये असतो. जो गिअर चढताना लागला, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. इंजिन मग स्वतः वेग धरून ठेवते. ब्रेक वळणापुरता लावावा व सोडून द्यावा, म्हणजे मधल्या वेळात वारा त्याला निववितो. पाय सतत ब्रेकवर टेकवून ठेवणे, किंवा पेट्रोल वाचविण्याच्या लोभाने गिअर काढून मोटार उतारावर सोडणे, या दोन्ही गोष्टी आत्मघातकी होत. जळका वास आला तर सुरक्षित जागा पाहून मोटार उभी करावी व अर्धा तास थांबावे. तापलेल्या तबकडीवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते.

घाटाच्या उलट टोकाचा प्रसंग समृद्धी महामार्गाचा. नागपूर ते शिर्डी हा त्याचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत पुरा झाला. वाशीम जिल्ह्यातून तो जातो; सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. अशा मार्गावर तासन् तास ब्रेक लागत नाही, म्हणून पॅड पुष्कळ टिकतात. पण जो एक ब्रेक लागतो, तो सर्वस्वाचा असतो. ताशी ६० च्या वेगात, कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने मोटार सुमारे वीस मीटरांत थांबते. ताशी १२० ला त्याच ब्रेकने ऐंशी मीटरांच्या घरात. चालकाने धोका पाहून पाय हलविण्यात एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात पहिल्या वेगाला आणखी सतरा व दुसऱ्याला तेहतीस मीटर वाट सरते. म्हणजे एकीकडे सदतीस मीटर, दुसरीकडे एकशे दहाच्या वर. पॅड संपत आलेले असतील व तेल जुने असेल, तर हे अंतर आणखी किती वाढेल हे ऐन वेळेपर्यंत कळत नाही. चाके जाम होऊ न देणारी ए.बी.एस. नावाची योजना आज मोटारींत असते व ती फार उपकारक आहे. परंतु ती चाक घसरू देत नाही इतकेच. झिजलेल्या पॅडला नवे द्रव्य देण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारी वेग कमी करताना तीच शक्ती परत बॅटरीत भरतात, त्यामुळे त्यांचे पॅड फार काळ टिकतात. परंतु न वापरलेली तबकडी गंजते आणि खिळे जाम होतात. म्हणून तेथेही तपासणी चुकत नाही. यंत्र बदलले तरी देखरेखीचा धर्म बदलत नाही.

केनवडच्या घरातील सहल ठरल्याप्रमाणे होते. पॅड आठ दिवस आधी बदललेले, तेल नवे, खिळे साफ. परतीच्या वाटेवर घाट उतरताना गुरुजी दुसऱ्या गिअरवर मोटार ठेवतात. मागून येणारे दोघे-तिघे घाईचे प्रवासी भोंगा वाजवीत पुढे निघून जातात. एका वळणावर गुरांचा कळप आडवा येतो. ब्रेक लागतो, मोटार सरळ रेषेत, आवाज न करता, पुरेशा अंतरावर उभी राहते. आई मागच्या आसनावर डुलकी घेत असते. तिची झोपही मोडत नाही. गुराखी गुरे हाकून नेतो आणि मोटार पुन्हा चालू लागते.

घरी पोहोचल्यावर या प्रसंगाची कोणी आठवणही काढीत नाही, कारण सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. तथापि गुरुजी त्या रात्री सर्व्हिसिंगची वही काढून पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहितात : पॅड बदलल्याची तारीख, मोटारीच्या मीटरवरील आकडा आणि नव्या थराची जाडी. खाली एक ओळ मोकळी सोडतात. दहा हजार किलोमीटरनंतर तेथे चौथा आकडा लिहावयाचा असतो. ज्या ज्या घरी मोटार आहे, त्या त्या घरी अशी एक वही असावी, आणि तिच्यातील शेवटचा आकडा घरातील निदान दोघांना तोंडपाठ असावा.